नोंदीबाहेरची संध्याकाळ

आर्डिस व्होडनॉलला आयुष्यात पहिल्यांदा पोलिसानं अडवलं, तेव्हा ती हसत होती. हसता हसता डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि त्या पुसायला हात मोकळा नव्हता, कारण दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटल्यासारखे झाले होते. मागच्या गाडीचे निळे-तांबडे दिवे आरशात फिरत होते. तो उजेड मिलोच्या गालावरून सरकत जायचा, पुन्हा यायचा. मिलो, तिचा नवरा, शेजारच्या सीटवर पट्टा लावून ताठ बसला होता आणि समोरच्या आकाशाकडे बघत होता.

आकाश क्रौंचांनी भरलं होतं. प्लॅट नदीच्या काठी राहणाऱ्याला मार्च महिन्यात त्याचं नवल नाही. दिवसभर मक्याच्या धसकटांत दाणे टिपत फिरणारे ते उंच, राखी पक्षी दिवस कलला की थव्याथव्यांनी उठतात आणि नदीतल्या वाळूच्या बेटांवर मुक्कामाला उतरतात. त्यांचा आवाज कानाच्या आधी छातीला कळतो. लांब कुठे तरी कुणी लाकडी पिंपं गडगडत नेत असावं तसा. त्या संध्याकाळी तो आवाज गाडीच्या टपावरून वाहत चालला होता, आणि खालची जमीन, कुंपणाच्या तारा, रस्त्याची पांढरी खडी सगळं त्याच्याबरोबर हळूहळू दक्षिणेला सरकतंय असं आर्डिसला वाटत होतं. गाडी मात्र उभी होती.

मागच्या गाडीतला पोलिस, डेप्युटी, खिडकीशी आला. डॅरिन श्लूटर, शेजारच्या डोलोरेसचा मुलगा. त्यानं वाकून आत पाहिलं आणि चाटच पडला.

"काकू? तुम्ही? मला वाटलं, कुणी तरी कॉलेजातलं कार्टं आहे."

"मीच रे बाबा."

"पन्नासच्या रस्त्यावर अडुसष्ट! काय झालं? मिलोकाकांना बरं नाहीये का?"

"बरं आहे," आर्डिस म्हणाली. "इतकं बरं आहे ना, डॅरिन..." आणि तिला पुन्हा हसू फुटलं.

डॅरिननं जरा नाक पुढे केलं. "काकू, राग मानू नका, पण विचारावं लागतं. घेतलीबितली नाही ना?"

"चर्चमधली कॉफी घेतली."

"ती पिऊन कुणाला हसू आल्याचं ऐकलं नाही कधी." त्यानं पावतीपुस्तक काढलं, डोकं खाजवलं. "सोडून दिलं असतं हो. पण गेल्याच आठवड्यात सख्ख्या मामाला दंड केलाय मी. आता तुम्हाला सोडलं तर आई मला घरात घ्यायची नाही."

तेवढ्यात मिलो बोलला. मान न वळवता, समोरच बघत.

"लिही लवकर, पोरा. आम्हाला नदीवर पोचायचंय."

डॅरिनचं पेन थांबलं. मिलो व्होडनॉलची वाचा गेल्या सुगीपासून गेली आहे हे लॉरेल बेंड गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आधी त्याची स्मृती गेली, मग माणसांची नावं, मग शब्द. तीन वर्षं तो गावच्या शुश्रूषागृहात होता आणि दर रविवारी आर्डिस त्याला गाडीतून हिंडवून आणायची. ती बोलायची, तो ऐकायचा. ऐकतो की नाही तेही कळत नसे. आणि त्या दिवशी, नदीकडे जाणाऱ्या त्या सरळसोट रस्त्यावर, डोक्यावरून पहिला थवा गेला तेव्हा तो अचानक पुढे झुकला होता. डॅशबोर्डवर हात ठेवून म्हणाला होता, "आर्डी, दाब की! ते आधी उतरतील."

आर्डी. हे नाव तिनं कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. लग्नाआधी मिलो आपल्या बापाच्या खटारा पिकअपमधून तिला न्यायला यायचा आणि मग दोघं थव्याशी शर्यत लावायची: क्रौंच आधी नदीवर पोचतात की आपण. ती चालवायची, तो खिडकीतून अर्धा बाहेर लटकून ओरडायचा. चाळीस वर्षांत ते दोघं त्याबद्दल कधी बोललेही नसतील. आता ती हाक आली, आणि तिच्या पायानं तिला न विचारता पेडल खाली नेलं.

डॅरिननं पावती लिहिली. हळू लिहिली. देताना तो मिलोकडे बघत होता.

"काकू, एक करा. ही अशीच कोर्टात गेली तर तुमच्या लायसन्सच्या नोंदीत ठपका बसेल. त्यापेक्षा वाहतूक सुरक्षेच्या वर्गाला बसा. एक शनिवार जाईल, पण मग ही नोंदीवर चढतच नाही. मागे पत्ता दिलाय."

तो गेला तोवर आकाश रिकामं झालं होतं. नदीकडून आवाज येत होता, सगळे उतरल्याचा. मिलो सीटला टेकला होता आणि त्याच्या तोंडावर पुन्हा तेच आलं होतं, स्वच्छ पुसलेल्या फळ्यासारखं.

*

आर्डिसला नोंद स्वच्छ राहायलाच हवी होती. ती काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, व्हॅन चालवायची. गावोगावच्या म्हाताऱ्यांना डॉक्टरकडे, डोळे तपासायला, कुणाला नुसतं केस कापायला न्यायचं. विमावाले ड्रायव्हरच्या नोंदीवर घारीसारखी नजर ठेवून असत. एक ठपका, की व्हॅनच्या किल्ल्या परत. आणि दुसरं म्हणजे गावचं साप्ताहिक. कोर्टात गेलेली एकूण एक पावती त्यात नावानिशी छापून येई. मयतांच्या खाली आणि चर्चच्या जेवणावळीच्या वर. ते साप्ताहिक टपालानं तिच्या मुलीकडे, जोलीनकडे, ओमाहाला जायचं. जोलीननं बजावून ठेवलं होतं: "आई, बाबांना गाडीतून नेऊ नकोस. मध्येच दार उघडलं त्यांनी तर?" आर्डिस फोनवर "बरं" म्हणायची आणि रविवारी न्यायची.

अर्थात गावाला पेपर लागतो थोडाच. सोमवारी व्हॅनमध्ये चढता चढताच एमेलिया क्राटोचविल म्हणाली, "पट्टा जरा घट्ट बांधा गं बायांनो, आज शर्यतीतली ड्रायव्हर आहे."

मागून बहिरी हेटी ओरडली, "काय म्हणाली?"

"म्हटलं, आर्डिस पळवते गाडी!"

"मग बरंच झालं. मागच्या खेपेला हिच्या चालीनं डॉक्टर जेवायला निघून गेला होता."

आर्डिस हसली. त्यांनी कारण विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, "पक्षी बघत होते." ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. खरं ती कुणालाच सांगत नव्हती. सांगितलं की लोक मान हलवतील, "अरे वा" म्हणतील, आणि ते वाक्य भांड्यातल्या भाकरीसारखं शिळं होत जाईल असं तिला वाटायचं. ते आत ठेवून ती दिवसभर गाडी चालवायची. रस्ते मऊ झाले होते. शेतांवरून येणारं ऊन व्हॅनच्या काचेतून मांडीवर पडायचं आणि मध्येच, सिग्नलला थांबली असताना, तिला शेजारून स्पष्ट ऐकू यायचं: आर्डी. ती वळून बघायची. एमेलिया डुलकी घेत असायची.

*

वर्ग काउंटीच्या मुख्य गावी, अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये होता. तांबडा बंब बाहेर उभा करून आत खुर्च्या मांडल्या होत्या. शिकवायला मिस्टर ऑस्टरगार्ड. महामार्ग पोलिसातून निवृत्त झालेला उंच, वाकलेला माणूस, आवाज इतका संथ की त्यात पाय सोडून बसावं.

"इथे कुणी गुन्हेगार नाही," तो म्हणाला. "दिवसभर बसलात, जागे राहिलात, तर तुमची पावती नोंदीवर चढणार नाही. घोरलात तर चढेल. आता एकेकानं सांगा, कशापायी आलात."

एक दूधवाला गाडी चालवताना फोनवर बोलत होता. एका नवरदेवाला स्वतःच्याच लग्नाला उशीर झाला होता. आर्डिसच्या शेजारी डोक्याला गडद जांभळा रुमाल बांधलेली तिशीची बाई होती, होदान. मूळची सोमालियाची, मांसाच्या कारखान्यात रात्रपाळी करायची.

"थांबा असं लिहिलेली पाटी होती," ती म्हणाली. "मला वाटलं मी थांबले. स्वप्नात थांबले. गाडी पुढे गेली."

सगळे हसले. ऑस्टरगार्डही हसला, मग म्हणाला, "बाई, ही आजच्या दिवसातली सगळ्यात खरी गोष्ट आहे. लिहून घ्या सगळ्यांनी." मग आर्डिसकडे वळला.

"पक्षी बघत होते," आर्डिस म्हणाली.

"मार्चमध्ये अर्धा वर्ग त्यांच्यापायीच येतो," तो म्हणाला, आणि पुढे गेला.

दुपारी आर्डिसनं पिशवीतून जर्दाळू भरलेले गोड चेक पाव, कोलाचे काढले, होदाननं डब्यातून सांबुसे. तिकोनी, गरम मसाल्याचे, कागदात गुंडाळलेले.

"घ्या मावशी. आमच्यात एकट्यानं खाल्लं तर पोट दुखतं."

"आमच्यातही. पण आम्ही ते बोलून दाखवत नाही, नुसतं दुखू देतो."

होदान खळखळून हसली. तिनं कोलाच्याचा घास घेतला आणि डोळे मिटले. "हे माझ्या आईला दिलं पाहिजे होतं," म्हणाली. आई कुठे आहे ते आर्डिसनं विचारलं नाही. होदानच्या तोंडावरूनच कळत होतं, की ती आता जिथे काही पाठवता येत नाही अशा ठिकाणी होती.

जेवणानंतर पडदे ओढले आणि ऑस्टरगार्डनं चित्रफीत लावली. अंधारात यंत्राची घरघर सुरू झाली. पडद्यावर रस्ता धावायला लागला. लांब, करडा, दोन्ही बाजूंनी रानं. आर्डिसच्या पापण्या जड झाल्या. रस्ता पडद्याच्या कडा ओलांडून हॉलमध्ये आला, खुर्च्यांच्या मधून वाहायला लागला. आता ती पिकअपमध्ये होती. सीटची स्प्रिंग पाठीला टोचत होती. मिलो खिडकीतून अर्धा बाहेर होता, त्याचा शर्ट वाऱ्यानं फुगला होता आणि तो पक्ष्यांना शिव्या देत होता, चेक भाषेतल्या, आजोबांच्या. नदी दिसायला लागली होती. नदी मोठी मोठी होत होती, पण जवळ येत नव्हती. वरचे पक्षी इतके खाली आले होते की हात वर केला तर पंख लागेल...

"तो मला काहीतरी सांगत होता," पडद्यावर एक बाई म्हणत होती.

आर्डिस दचकून जागी झाली. पडद्यावर तिच्याच वयाची बाई स्वयंपाकघरात बसून बोलत होती. "माझा नवरा. काहीतरी गमतीचं सांगत होता. मी ऐकायला वळले. इतकंच. समोर हरीण आलं. तो काय सांगत होता ते मला अजून माहीत नाही."

दिवे लागले. ऑस्टरगार्डनं चित्रफीत तिथेच थांबवली. तो बहुधा तिथे नेहमी थांबत असावा. आर्डिसला आपलाच हात वर गेलेला दिसला.

"मी पक्षी बघत नव्हते," ती म्हणाली.

आणि मग तिनं सगळं सांगितलं. मिलोचं, वाचा गेल्याचं, पिकअपचं, शर्यतीचं. डॅशबोर्डवर ठेवलेल्या हाताचं. त्या एका हाकेचं. सांगताना तिला वाटत होतं तसं काही झालं नाही. वाक्य शिळं झालं नाही. ते हॉलभर पसरलं आणि ऊबदार राहिलं. दूधवाल्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती.

"मग?" नवरदेव म्हणाला. "पोचलात का आधी?"

"कसले पोचतोय! डेप्युटी पावती लिहीत होता. ते उतरले आधी."

सगळ्यांच्या तोंडून एकदमच "अरेरे" निघालं. होदाननं तिचा हात हातात घेतला. "मावशी, मुकं माणूस बोललं, की ते म्हणेल ते करायचं. आमच्याकडे असंच म्हणतात."

ऑस्टरगार्ड टेबलाला टेकून उभा होता. त्यानं चष्मा काढून पुसला.

"मलाही तुमच्यासारखंच म्हणायला आवडलं असतं," तो हळू म्हणाला. "पण मी त्या रस्त्यावर नोकरी केलीये. संध्याकाळी तिथे हरणं उतरतात. अडुसष्टला ब्रेक लागत नाही, नुसता लागल्यासारखा वाटतो. तुम्हाला डेप्युटीनं अडवलं. हरणानं अडवलं असतं तर आज तुम्ही त्या पडद्यावर असता."

आर्डिसनं मान हलवली. तिला राग आला नाही. प्रथमच तिला त्या संध्याकाळचा रस्ता दिसला, पक्षी नाहीत, नुसता रस्ता. दोन्ही बाजूंना गवत हलत असलेला.

"मी काय करायला हवं होतं?" तिनं खरंच विचारलं.

"लवकर निघायचं," ऑस्टरगार्ड म्हणाला. "बाकी काही नाही. सगळा वर्ग मी एवढंच सांगण्यासाठी घेतो."

*

काही दिवसांनी पेट्रोल पंपावर डॅरिन भेटला.

"झालं काकू तुमचं काम. पावती रद्द. कोर्टात नाही, पेपरात नाही, कुठेच नाही. समजा, ती संध्याकाळ झालीच नाही."

"झालीच नाही?"

"म्हणजे, कागदावर." तिचा चेहरा बघून तो घुटमळला. मग पंपाची नळी हातात तशीच धरून म्हणाला, "मी ऐकलं ना काकू. ते मला पोरा म्हणाले. लहानपणी त्यांच्या ट्रॅक्टरवर चढलो की असंच ओरडायचे. मी आईला सांगितलं तर ती रडायलाच लागली."

आर्डिसनं त्याच्या गालाला हात लावला, गणवेशातल्या डेप्युटीच्या, भर पंपावर, आणि गाडीत बसली.

ती मिलोकडे गेली. तो खिडकीशी बसला होता. तिनं त्याच्या कानाशी जाऊन म्हटलं, "मिलो, आपल्याला पोलिसानं पकडलं होतं." त्यानं तिच्याकडे सौम्यपणे पाहिलं, रस्त्यावरून जाणाऱ्या परक्या पण भल्या बाईकडे बघावं तसं. ती त्याच्या शेजारी बसून राहिली. बाहेर झाडांना पालवी धरत होती आणि खोलीतला उजेड हिरवट झाला होता, पाण्याखाली असल्यासारखा. ती संध्याकाळ नोंदीवरून गेली, ह्याच्या मनातून गेली. डॅरिनकडे थोडी उरली, त्या हॉलमधल्या लोकांकडे थोडी. सगळ्यात आधी जोलीनला कळायला हवं होतं आणि तिच्यापासूनच लपवण्यासाठी आपण शनिवार घालवला, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

ईस्टरला जोलीन आली. स्वयंपाकघरात दोघी वाहत्या नळाखाली बटाटे सोलत होत्या. आर्डिस सुरी खाली ठेवून म्हणाली, "मला वेगासाठी पकडलं होतं. बाबा गाडीत होते."

जोलीन वळली. "आई!"

"ऐकून तर घे."

"काय ऐकायचं? मी काय सांगितलं होतं तुला? आणि पेपरात कसं नाही आलं?"

"वर्गाला बसले. पुसून टाकलं."

"शाब्बास! म्हणजे मला कळू नये म्हणून..." जोलीनचा आवाज चढला, हातातला बटाटा तिनं पातेल्यात आपटला. पाणी उडालं. "काही झालं असतं तर मला कोण सांगणार होतं? डॅरिन?"

"खरंय तुझं," आर्डिस म्हणाली. "त्या मास्तरांनीही हेच सांगितलं. चुकलं माझं. पण ते बोलले, जोलीन. बाबा बोलले."

आर्डिसनं तिला सांगितलं, शब्दन् शब्द. मग जोलीननं नळ बंद केला आणि अगदी लहान आवाजात विचारलं, "आवाज कसा होता?"

"त्यांचाच. जरा खरखरीत. खोकला काढून बोलल्यासारखा."

"मी विसरत चाललेय गं. फोनवर जुना निरोप होता त्यांचा, तोही पुसला गेला." तिनं डोळ्यांना मनगट लावलं. "उद्या जाऊ या आपण. तिघं. मी चालवते."

"क्रौंच गेले आता उत्तरेला. चार-दोन मागे राहिलेले असतील."

"असू देत."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्याबरोबर तिघं निघाली. ऊन अजून उंच होतं आणि घाई कशाचीच नव्हती. जोलीन इतकी सावकाश चालवत होती की मागून आलेला ट्रॅक्टर हॉर्न वाजवून पुढे गेला. मिलो काही बोलला नाही. नदीकाठी त्यांनी घडीच्या खुर्च्या मांडल्या. पाणी उथळ होतं, वाळूवरून चकाकत, वेणी सुटल्यासारखं पसरलेलं. आकाशात काही नव्हतं.

जोलीननं बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात शिरली. "आई गं, बर्फ आहे नुसतं!" ती ओरडली, पण बाहेर आली नाही, हात पसरून उभी राहिली. मिलो तिच्याकडे बघत होता. आर्डिसला वाटलं, नुसता बघतोय. मग तो हळूच वाकला. तिचे वाळूनं भरलेले बूट त्यानं उचलले, मांडीवर घेतले, आणि एकेक उलटा करून, तळव्यावर आपटून, आतली वाळू झाडायला लागला.